पिवळं कार्ड, निळा टॅग, लाल त्रिकोण

पिवळा रंग चांगला की वाईट? वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या कास्तकाराला विचारून बघा. तो आधी उलट विचारेल, “कशावरचा पिवळा?”

रेशनकार्डाचा असेल, तर घरची परिस्थिती बेताची. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आली. मूळ निकषाप्रमाणे वर्षाला १५ हजारांपर्यंत कमाई असणाऱ्याला पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याच्याही वर पांढरं. बियाण्याच्या थैलीला लटकलेला सोनेरी पिवळा टॅग मात्र तोऱ्याचा. ते पैदासकार बियाणं, पुढच्या सगळ्या पिढ्यांचं मूळ. कीटकनाशकाच्या डब्यावरचा पिवळा म्हणजे तीव्र विष. हवामान खात्याचा पिवळा म्हणतो, लक्ष असू द्या. गाडीची पाटी पिवळी असेल तर गाडी भाड्याची. खिशातली पिवळी नोट दोनशेची. आणि ऑगस्टात सोयाबीनचं पान पिवळं दिसलं की पोटात गोळा येतो, यलो मोझॅक तर नाही ना!

एक रंग, सात अर्थ, आणि तरी गल्लत होत नाही. रेशन दुकानातला पिवळा आणि कृषी केंद्रातला पिवळा माणूस बरोबर वेगळा ओळखतो. रंगाबरोबर आकार, जागा, शेजारचं अक्षर आणि वर्षानुवर्षांची सवय येते, म्हणून हे जमतं. ही सगळी जुळवाजुळव म्हणजे व्हिज्युअल डिझाइन.

अ‍ॅप, वेबसाइट, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत हल्ली प्रॉडक्ट डिझायनर नावाचा माणूस असतो. लोकांची अडचण नेमकी काय हे त्याने शोधायचं, कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी हे ठरवायचं, कच्चा नमुना करून चार जणांच्या हातात द्यायचा, त्यांचं कुठे अडतं ते बघायचं. ते सगळं दिसेल कसं, हा कामाचा शेवटचा तुकडा समजला जातो, आणि खुद्द डिझायनर मंडळींतच त्याच्याबद्दल थोडी तुच्छता आढळते. खरं काम डोक्याचं, रंग काय कोणीही देईल, असा सूर. मला हे अजिबात पटत नाही. माझे पुरावे बंगळुरूच्या चकचकीत ऑफिसांतले नाहीत, वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगावच्या बाजारातल्या फळ्यांवरचे आहेत.

कवटी फक्त लालच्या वाट्याला

कीटकनाशक नियम, १९७१ हा वाचायला रुक्ष दस्तऐवज आहे, पण त्यात एक बारीक डिझाइनचा धडा दडलाय. डब्याच्या दर्शनी लेबलाचा निदान सोळावा हिस्सा एका चौकोनाने व्यापला पाहिजे, आणि तो चौकोन ४५ अंशांत, पत्त्यातल्या चौकटसारखा उभा असला पाहिजे. त्याचे दोन त्रिकोण. वरच्यात चिन्ह किंवा इशाऱ्याचा शब्द, खालच्यात नुसता रंग. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा.

कवटी आणि हाडांचं चित्र फक्त लाल गटाला मिळतं. पिवळ्या गटाला विष असा लाल अक्षरातला शब्द आहे, पण कवटी नाही. निळ्याला धोक्याचा शब्द, हिरव्याला सावधगिरीचा. म्हणजे वरच्या त्रिकोणात ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी चार पायऱ्या आहेत. ज्याला येत नाही त्याच्यासाठी दोनच, कवटी आहे किंवा नाही.

त्यात भर सिग्नलच्या सवयीची. रस्त्यावर पिवळा म्हणजे जरा दमानं आणि हिरवा म्हणजे बिनधास्त. डब्यावरचा पिवळा मात्र दुसऱ्या क्रमांकाचं विष आहे. प्रयोगशाळेतल्या जनावरांपैकी निम्मी मरायला शरीराच्या किलोमागे ५१ ते ५०० मिलिग्रॅम पुरतं, तो हा गट. आणि हिरवा त्रिकोण ‘विष नाही’ असं म्हणत नाही, ‘तुलनेने कमी आहे’ एवढंच म्हणतो. गावात या सगळ्या डब्यांना औषधच म्हणतात, ते वेगळंच.

२०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याचं खापर एकट्या लेबलावर फोडणं बरोबर नाही. डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी होती, दोन-तीन औषधांची मिश्रणं होती, तोंडाला नीट फडकंही नव्हतं. पण उद्या कोणी वाशीमसाठी फवारणीचं अ‍ॅप करायला घेतलं आणि ‘पुढे जा’चं हिरवं बटण त्या हिरव्या त्रिकोणाला खेटून ठेवलं, तर त्याला तो दोष आपल्या माथी घ्यावाच लागेल.

एकाच दुकानातले दोन निळे

त्याच कृषी केंद्रात नजर जरा सरकवा. बियाण्याच्या थैलीवरचा निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं, बीज प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेलं. पांढरा टॅग पायाभूत बियाण्याचा. फिकट हिरवा टॅग सत्यदर्शक बियाण्याचा, म्हणजे दर्जाची हमी उत्पादकाची स्वतःची. दोन हातांवर औषधाच्या डब्यावरचा निळा, तो मध्यम विषाचा. इथला निळा भरवसा देतो, तिथला निळा दूर हो म्हणतो.

बियाण्याच्या या भाषेत वाशीमकर मुरलेले आहेत. राज्याचं बियाणे महामंडळ महाबीज १९७६ साली अकोल्यात सुरू झालं तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. इथल्या माणसाला रंगांच्या अर्थांची शिकवणी लावायची गरज नाही. गरज असेल तर बाहेरून येणाऱ्या डिझायनरला.

ठिपक्याचा त्रिकोण झाला

बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका सगळ्यांना ठाऊक आहे. मांसाहारी पदार्थावर तसाच तपकिरी ठिपका असायचा. अडचण अशी की लाल-हिरवं रंगांधत्व असलेल्याला हे दोन्ही ठिपके जवळजवळ सारखेच दिसतात. शेवटी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत मांसाहाराचा ठिपका गेला आणि त्याच चौकटीत तपकिरी त्रिकोण आला. रंगाला आकाराची काठी दिली आणि प्रश्न सुटला. डिझाइनच्या वर्गात ‘फक्त रंगावर विसंबू नका’ हा धडा तासभर चालतो, तो इथे पाच रुपयांच्या पुड्यावर छापून मिळतो.

गुलाबीचा नेमका आकडा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ ला, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून देशाची लोकशाही चित्रांवर उभी राहिली. पुढे निवडणूक आयोगातले ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी यांनी कंगवा, पतंग, शिलाई मशीन अशी कितीतरी साध्या वस्तूंची चित्रं पेन्सिलीने काढली. ‘आयकॉन डिझायनर’ ही पदवी रूढ होण्याच्या कितीतरी आधीचं हे आयकॉन डिझाइन, आणि तेही सरकारी टेबलावर.

मतदान यंत्राचं रूप मुंबईच्या पवईतलं. आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांनी ते घडवलं. एका युनिटवर जास्तीत जास्त १६ ओळी, प्रत्येकीपुढे निळं बटण, बटणाच्या बाजूला ब्रेल आकडा. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे दिसते ती सात सेकंद. मतपत्रिका लोकसभेची पांढरी, विधानसभेची गुलाबी. नोटाचं चिन्ह २०१५ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने बिहारपासून सुरुवात करत नवे नियम लावले. उमेदवारांचे फोटो रंगीत, आणि फोटोच्या जागेचा तीन चतुर्थांश भाग चेहऱ्याने भरलेला. अनुक्रमांक ३० आकाराच्या ठळक टायपात. सगळी नावं एकाच टायपात, एकाच आकारात. कागद ७० जीएसएमचा. आणि विधानसभेची गुलाबी छटा आरजीबी आकड्यांनी ठरवलेली, छापखान्यागणिक वेगळी नको म्हणून! कोणी व्हिज्युअल डिझाइनला सजावट म्हणालं की मी हे परिपत्रक पुढे करतो. एका नावाचा टाइप इंचभर मोठा झाला असता तर कोर्टात केस गेली असती.

(जिल्ह्यापुरती एक गंमत: वाशीम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशीम लोकसभेत, तर रिसोड अकोला लोकसभेत. एकाच जिल्ह्यातले शेजारी दोन वेगळ्या पांढऱ्या मतपत्रिकांवर बटण दाबतात.)

सातबाऱ्यातली ठिपक्यांची रेष

विदर्भातलं सर्वाधिक चिंतेने वाचलं जाणारं पान कोणतं? वर्तमानपत्राचं पहिलं पान म्हणाल तर चुकलात. सातबारा.

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून बनलेल्या या उताऱ्याचं रूप कित्येक दशकं जवळपास तसंच होतं. २०२० मध्ये महसूल खात्याने ते बदललं. वर शासनाचा आणि ई-महाभूमीचा वॉटरमार्क आला, गावाच्या नावाशेजारी कोड आला, शेवटचा फेरफार क्रमांक स्वतंत्र दिसू लागला. खाते क्रमांक आधी इतर हक्कांच्या रकान्यात लपलेला असे, तो खातेदाराच्या नावासमोर आला. कमी झालेली नावं आणि फिटलेले बोजे पूर्वी फक्त कंसात असत. कंस म्हणजे काय हे तलाठ्यालाच ठाऊक! आता त्यांच्यावर आडवी रेष मारलेली असते. खोडलेलं म्हणजे गेलेलं, हे शाळेत न गेलेल्यालाही समजतं.

आणि सगळ्यांत मला भावलेला बदल म्हणजे दोन खातेदारांच्या नावांमध्ये आलेली ठिपक्यांची रेष. बस्स, एक रेष. पाच भावांच्या सामाईक उताऱ्यावर कोणाचं क्षेत्र कुठे संपलं आणि कोणाचं सुरू झालं यावरून बांधावर जी बाचाबाची होते, ती ज्याने पाहिली त्याला या रेषेची किंमत वेगळी सांगायला नको. एकही कायदा बदलला नाही, माहिती तीच, मांडणी बदलली आणि कागद वाचता येऊ लागला.

देखणं एटीएम सोपं वाटतं

१९९५ साली जपानमध्ये हिताचीच्या डिझाइन केंद्रातल्या मासाआकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या केल्या आणि २५२ जणांना दाखवल्या. कोणती वापरायला सोपी, कोणती दिसायला छान? लोकांना देखण्या मांडण्या सोप्याही वाटल्या. सोपेपणाच्या मोजता येणाऱ्या कसोट्यांशी त्यांचं मत तेवढं जुळत नव्हतं, देखणेपणाशी मात्र चांगलं जुळत होतं.

इस्रायलचे संशोधक नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं, जपानी लोकांना सौंदर्याची ओढ जास्त असेल, आपल्याकडे असलं काही होणार नाही. त्यांनी प्रयोग पुन्हा केला. तिथे हा संबंध आणखी घट्ट निघाला.

म्हणजे दिसणं हा भरवशाचा भाग आहे. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. वाईट अ‍ॅपला गोंडस रूप दिलं की लोक त्याच्या चुका बराच वेळ पोटात घालतात. कर्जाची चटकदार अ‍ॅपं काढणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.

तुरीची ‘तर’ होते तेव्हा

मराठी पडद्यावर आणायची म्हणजे डोक्यावर वेलांटी-मात्रा आणि पायाशी उकार. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या बटणात मराठी शब्द कोंबला की दोन्हीकडून कात्री लागते. तूरचा उकार कापला गेला की ‘तर’. कांद्यावरचा अनुस्वार गेला की ‘कादा’. बाजारभावाच्या यादीत हे वाचणाऱ्याला आधी हसू येतं, मग शंका येते, की ज्यांना तूर लिहिता येत नाही त्यांनी सांगितलेला भाव तरी खरा कशावरून? ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं की काम होतं. ते न करणं हा निव्वळ आळस आहे.

देवनागरीची खरी मेहनत पूर्वसुरींनी करून ठेवली आहे. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींचा. मराठी वळणाचे ल आणि श कसे असावेत, हे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात काढून दाखवलं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या चमूने मुक्ता आणि बालू असे मोकळे, फुकट फॉन्ट दिले. त्यांचाच मोदक नावाचा एक फॉन्ट आहे. त्याची अक्षरं इतकी गुबगुबीत आहेत की आतली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते. सातबाऱ्याला चालणार नाही, पण गणपतीच्या वर्गणीच्या पावतीला झकास.

उन्हाचाही हिशेब असतो. वेबच्या सुगम्यता नियमांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध निदान ४.५ ला १ असावा असं आहे. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची फॅशन वातानुकूलित खोलीत शोभते, एप्रिलच्या दुपारी मानोऱ्याच्या शिवारात पडदा कोरा दिसतो. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनाप्रमाणे बोटाने दाबायची जागा सुमारे ९ मिलिमीटर हवी. तीही मऊ बोटं धरून. निंदणीने राठ झालेल्या अंगठ्याला थोडी जास्तच द्यावी.

लग्न वाशीमला लागलं

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. हजारेक वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक गोष्ट सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघाला. त्याला परत आणायला गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्यामागे देशोदेशी फिरली, आणि प्रत्येक प्रांतात तिचा वेष वेगळा, नृत्य वेगळं, बोलण्याची ढब वेगळी. पूर्वेला गडी फारसा बधला नाही. पांचाल, अवंती करत करत विरघळू लागला आणि शेवटी विदर्भात पुरता भुलला. दोघांचं गांधर्व लग्न लागलं ते वत्सगुल्मात. वेषाच्या मांडणीला राजशेखराने प्रवृत्ती असं शास्त्रशुद्ध नावही दिलं आहे, बोलण्याच्या रीतीच्या बरोबरीने. त्याने तिला शेवटचा हात म्हणून बाजूला ठेवलेलं नाही.

त्याच वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण, पाचव्या शतकातला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवून घेतलं आणि शिलालेखात त्याच्या खिडक्या, दारं, चित्रवीथी यांचं वर्णन कोरवलं. अजिंठ्याचे लाल, पिवळे रंग जवळपासच्या मातीचे, काळा काजळीचा. निळा मात्र लाजवर्दी दगडाचा, थेट अफगाणिस्तानच्या बदख्शानकडून आलेला. जुन्या सातवाहनकालीन चित्रांत हा निळा नाही, वाकाटकांच्या काळात तो दिसू लागतो. बजेट वाढलं की रंगाचा डबा बदलतो, हे तेव्हाही खरं होतं.

टाके मोजता येणारी बाई

अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशवरची पहिली चित्रं, म्हणजे कचऱ्याचा डबा, हसरा संगणक, सुसान केर यांनी १९८३ च्या सुमारास काढली. संगणकाचा अनुभव शून्य. आलेखाच्या वहीत एकेक चौकोन भरायचा, ३२ गुणिले ३२ च्या आत. हे कसं जमलं याचं उत्तर त्या देतात, की भरतकामाचे टाके आणि मोझॅक यांची सवय होती. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्या बंजारा बायांच्या अंगावरचं आरशांचं, टाक्यांचं भरतकाम बघितलं की वाटतं, यांच्या हाती ती वही पडायला हवी होती. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे बंजारा विरासत नंगारा संग्रहालय सुरू झालं आहे. डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी पॅरिसच्या आधी तिथे जाऊन यावं.

चौकोनातला चौकोन

आठवडी बाजारात भाजीच्या पाटीशेजारी टेकवलेला क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांच्या चमूने बनवला, तोही मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. तीन कोपऱ्यांतले ते ठळक चौकोन आधी सुचले नव्हते. कॅमेऱ्याला छापील मजकुरातून कोड चटकन ओळखता यावा म्हणून त्यांनी मासिकं, पत्रकं, पुठ्ठ्याची खोकी पालथी घातली आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कोणतं प्रमाण छपाईत सर्वांत कमी सापडतं ते शोधलं. उत्तर निघालं १:१:३:१:१. कोणत्याही बाजूने रेघ ओढा, त्या चौकोनात हेच प्रमाण येतं. कोडचा तीस टक्क्यांपर्यंत भाग चिखलाने माखला तरी तो वाचता येईल अशी सोयही त्यात करता येते, ती भाजीवाल्यांच्या फार उपयोगाची.

एवढं सगळं डोळ्यांसाठी केल्यावर व्यवहार पुरा कशाने होतो? पैसे जमा झाल्याचं सांगणाऱ्या, २०१९ पासून दुकानांत आलेल्या त्या बोलक्या डबीने. गिऱ्हाईक पडद्यावरची हिरवी खूण नाचवून दाखवतं, पण गर्दीत कोथिंबीर निवडणारी बाई मान वर करत नाही. डबी बोलली की पिशवी हातात.